लाळ, उलटी, सलाइन आणि पुन्हा लाळ: घरातलं विष शोधायचं कसं

लाळ गळते. एक-दोन उलट्या होतात. जेवण टाकून कपाटाखाली जाऊन बसतं. दवाखान्यात उलटीचं इंजेक्शन, थोडं सलाइन, दोन दिवस हलकं खाणं, आणि तिसऱ्या दिवशी मांजर किंवा कुत्रा पहिल्यासारखा. आठ-पंधरा दिवस गेले की तेच सगळं पुन्हा. तुमच्याकडे हे चक्र सुरू असेल तर दोष दरवेळी पोटाचा नसतो. पुष्कळदा कारण घरातच असतं, आणि जनावर बरं होऊन परत त्याच घरात येतं.

मी दादरच्या बाजूला एका छोट्या प्राण्यांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. इलाज डॉक्टर करतात. जनावर धरणं, वजन करणं आणि घरच्यांकडून माहिती काढणं हे माझं काम. त्या माहितीतून जे पुन्हा पुन्हा समोर येतं, ते इथे मांडते आहे.

पुढे वाचण्याआधी ओठ वर करून बघा

हिरड्या गुलाबी आणि ओलसर आहेत का? हिरडीवर बोट दाबून सोडा. पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवा. हिरड्या पांढऱ्याफटक, पिवळ्या, निळसर किंवा चॉकलेटी दिसत असतील, झटके येत असतील, अंग थरथरत असेल, श्वास धापेचा असेल, शी डांबरासारखी काळी होत असेल किंवा लघवी चहासारखी गडद असेल, तर ही पोस्ट बंद करा आणि निघा. कारण नंतर शोधता येईल.

काय खाल्लं हे डोळ्यांनी पाहिलं असेल, पण प्राणी अजून ठणठणीत दिसतोय, तरीही थांबू नका. बऱ्याच विषांत पहिले काही तास काहीच दिसत नाही, आणि उपाय सगळ्यात चांगला लागू पडतो तो त्याच तासांत.

"काय खाल्लं?" एवढंच विचारून उपयोग नाही

उलटी झाली की घरचे खाण्याकडे बघतात. नवीन बिस्किट दिलं का, मासळी शिळी होती का. पण मांजर दिवसाचा मोठा वेळ स्वतःला चाटण्यात घालवतं. पायाला, पोटाला, शेपटीला जे लागलं ते सगळं शेवटी तोंडात जातं. कुत्रा फिरून आला की पंजे चाटतो, शिवाय घरच्यांचे हातपायही चाटतो. त्यामुळे आधी विचारायचं ते हे, की काल घरात, जिन्यात, अंगणात काय पुसलं, फवारलं, चोळलं आणि ठेवलं.

याच्यासाठी एक साधी वही करा. एका बाजूला त्रासाची तारीख आणि वेळ. दुसऱ्या बाजूला घराचं वेळापत्रक: लादी कधी आणि कशाने पुसली, जिना कधी धुतला, सोसायटीचं पेस्ट कंट्रोल कधी झालं, पाहुणे कधी आले, घरी पूजा होती का, फुलांचा गुच्छ आला का, कोणाचे गुडघे दुखत होते का, गोचिडांचं औषध कधी लावलं. त्रासाच्या आधीचे पाच दिवस लिहा. एकच दिवस पुरत नाही, कारण काही विषांचा परिणाम त्याच संध्याकाळी दिसतो तर काहींचा पाचव्या दिवशी. तीन-चार नोंदी झाल्या की बहुतेक वेळा एखादी गोष्ट दरवेळी दिसायला लागते.

पहिला संशय लादीवर

लालबागच्या एका चाळीतला बोका आमच्याकडे असाच वारंवार यायचा. खाणं रोजचंच, भात आणि उकडलेले बोंबील. घरात औषध नाही, झाडं नाहीत. एकदा डॉक्टरांनी त्याचं तोंड नीट उघडून पाहिलं. जिभेच्या टोकाला सोललेल्यासारखा लालभडक चट्टा होता. मागच्या पायाच्या बोटांमधली कातडीही लाल झाली होती. मी पंजा नाकाजवळ नेला तर डांबरी वास आला. घरात कोणी फिनेल वापरत नव्हतं. चाळीची सामाईक गॅलरी मात्र आठवड्यातून दोनदा काळ्या फिनेलने धुतली जायची, आणि बोका ओल्या गॅलरीतून चालत येऊन उंबऱ्यावर पाय चाटत बसायचा. घरच्यांनी सफाईवाल्या दादांशी बोलून आपल्या दारापुढे साबणाचं पाणी वापरायला सांगितलं, आणि गॅलरी वाळेपर्यंत बोक्याला आत ठेवायला लागले. तो त्रास तिथेच थांबला.

काळ्या फिनेलमध्ये फिनॉल आणि क्रेसॉलच्या जातीची रसायनं असतात. ती नुसती पोटातून नाही, कातडीतूनही शरीरात शिरतात. माणसाचं आणि कुत्र्याचं यकृत अशी रसायनं ज्या मार्गाने निकामी करून बाहेर टाकतं, तो मार्ग मांजरात फार कमजोर असतो. म्हणून त्याच लादीवर कुत्रा निभावतो आणि मांजर आजारी पडतं. पाण्यात टाकताच दुधाळ होणारं पांढरं फिनेल पाइन तेलाचं असेल तर तेही मांजराला चालत नाही. सुगंधी फ्लोअर क्लीनरच्या लेबलावर 'बेन्झाल्कोनियम क्लोराइड' दिसलं तर तेही लक्षात ठेवा. ते चाटलं की जिभेवर आणि टाळूवर फोड येतात, लाळ गळते, ताप चढतो, आणि हे सगळं काही तासांनी दिसतं, त्यामुळे सकाळच्या लादीशी संबंध कोणी जोडत नाही.

पावसाळ्यात हा त्रास वाढतो. मुंबईच्या दमट हवेत लादी तासन् तास ओली राहते, माश्या वाढतात म्हणून फिनेलही जास्त पडतं, आणि ते झाकणाने मोजून घालणारं घर मी क्वचितच पाहिलं आहे. बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणापेक्षा जास्त घातल्याने लादी जास्त स्वच्छ होत नाही, चाटलेल्या पंजात मात्र विष जास्त जातं.

उपाय सोपा आहे. रोजची लादी साध्या किंवा साबणाच्या पाण्याने पुसा. जंतुनाशक वापरावंच लागलं तर मोजून घाला, दहा मिनिटांनी स्वच्छ पाण्याचं फडकं फिरवा, पंखा लावून लादी वाळू द्या आणि मगच प्राण्याला आत सोडा. फिरून आलेल्या कुत्र्याचे पंजे कोमट पाण्याने धुऊन पुसा. बादली उघडी ठेवू नका, तहानलेलं जनावर त्यातही तोंड घालतं.

याच रांगेतली एक सवय मला फार खटकते. अंघोळीच्या पाण्यात अँटिसेप्टिक लिक्विड टाकून मांजराला धुणं. जखम झाली, पिसवा झाल्या की प्रेमापोटीच लोक हे करतात. पण त्या पिवळ्या, पाण्यात पांढऱ्या होणाऱ्या लिक्विडमधलं क्लोरोक्सिलेनॉल फिनॉलच्याच कुळातलं आहे, आणि मांजर अंघोळीनंतर सगळं अंग चाटून कोरडं करतं. कृपया हे करू नका. जखम मिठाच्या सौम्य पाण्याने, म्हणजे सलाइनने धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

माणसांनी अंगाला लावलेलं

घरात आजी-आजोबा असतील तर इथे नक्की थांबा. संध्याकाळी गुडघ्याला जेल चोळून आजोबा टीव्हीसमोर बसतात आणि कुत्रा मायेने त्यांचे पाय चाटतो. त्या जेलमध्ये बहुतेक वेळा डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक असतं. कुत्र्याच्या पोटात त्याने अल्सर होतो, मूत्रपिंडांवर ताण येतो. रोज थोडं थोडं जात राहिलं तर एखाद्या आठवड्यात उलट्या, पुढच्या आठवड्यात काळी शी, मध्ये बरं, असा सगळा घोळ होतो आणि कारण कोणाच्या ध्यानीमनी नसतं. हेच डायक्लोफेनॅक गुरांना दिल्यामुळे, मेलेली गुरं खाणारी आपली गिधाडं नामशेष व्हायला आली आणि २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. माणसाला सोसणारं औषध दुसऱ्या जिवाला किती जड जातं, हे त्यावरून कळतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही २०१५ मध्ये अशाच एका वेदनाशामक मलमाबद्दल मांजरं पाळणाऱ्यांना सावध केलं होतं.

डोकेदुखीच्या आणि सांधेदुखीच्या बाममध्ये मिथाइल सॅलिसिलेट आणि कापूर असतो. दोन्ही चाटण्यातून त्रास देतात, आणि कापूर जास्त गेला तर झटकेही येतात. देवघरातली कापराची डबी घट्ट लावून वर ठेवा. जेल किंवा बाम लावल्यावर पायजमा खाली ओढून घ्या, हात साबणाने धुवा आणि मगच प्राण्याला कुरवाळा. आजोबांना कुत्र्यापासून दूर बसवायची गरज नाही, त्यांच्या पायावर कापड असलं की झालं.

पॅरासिटामॉलबद्दल वेगळं आणि ठळक सांगते. मांजराला पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. अर्धी नाही, पाव नाही, लहान मुलांचं सिरपही नाही. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी चार किलोच्या मांजराचा जीव घेऊ शकते. रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या चॉकलेटी होतात, तोंड आणि पंजे सुजतात. यावर अॅसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, पण तो वेळेत मिळायला हवा. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं. कुत्र्यालाही आपल्या डब्यातली वेदनाशामक गोळी मनाने देऊ नये. आयब्युप्रोफेनने तर मोठ्या कुत्र्यांचीसुद्धा मूत्रपिंडं बसतात.

उंदरांचं औषध, आणि अर्धवट सोडलेल्या गोळ्या

सोसायटीचं पेस्ट कंट्रोल झालं की पार्किंगमध्ये, मीटरच्या खोलीत, गटाराच्या झाकणाशी निळे-हिरवे-लाल केक टाकतात. त्यात बहुधा ब्रोमाडायोलोन असतं. ते रक्त गोठण्याची क्रिया बंद पाडतं, पण लगेच नाही. शरीरात असलेला साठा संपेपर्यंत तीन ते पाच दिवस प्राणी छान दिसतो. मग सुस्ती, खोकला, पांढऱ्या हिरड्या, लंगडणं, नाकातून रक्त. विष खाल्लेला उंदीर खाणाऱ्या मांजरालाही धोका असतो.

पुन्हा पुन्हा उलटणारा त्रास इथे एका वेगळ्याच कारणाने दिसतो. डॉक्टर व्हिटॅमिन के-१ च्या गोळ्या साधारण तीन-चार आठवड्यांसाठी देतात. आठ दिवसांत कुत्रा पळायला लागतो आणि घरचे गोळ्या थांबवतात. विष मात्र यकृतात अजून शिल्लक असतं, आणि काही दिवसांत रक्तस्राव पुन्हा सुरू होतो. तो हल्ला पहिल्यापेक्षा जिवावर बेतणारा असू शकतो. कोर्स पूर्ण करा, आणि शेवटच्या गोळीनंतर ४८ तासांनी रक्त गोठण्याची पीटी चाचणी करून घ्या. ती नॉर्मल आली तरच औषध संपलं म्हणायचं.

सगळी उंदरांची औषधं मात्र सारखी नसतात. राखाडी-काळ्या पुडीतलं झिंक फॉस्फाइड पोटातल्या आम्लाशी मिळून फॉस्फिन वायू सोडतं. अशा प्राण्याला टॅक्सीत नेताना सगळ्या काचा खाली करा, कारण त्याच्या उलटीतला वायू तुमच्याही छातीत जातो. पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टने यकृत जातं आणि त्याला उतारा नाही. या दोन्हींत व्हिटॅमिन के-१ हा उतारा नव्हे. म्हणून कोणतं औषध टाकलं हे कळणं फार महत्त्वाचं आहे. पेस्ट कंट्रोलवाल्यांकडून औषधाचं नाव सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लिहून घ्या, केक उघडे न टाकता कुलूपबंद डब्यात ठेवायला सांगा, आणि ते कुठे ठेवले हे वॉचमनला माहीत असू द्या. कमिटीच्या सभेत हा विषय काढायला संकोच करू नका, बिल्डिंगमधली रांगती मुलंही त्याच जमिनीवर खेळतात.

मुंग्या-झुरळांचा खडू आणि फवारे बहुधा पायरेथ्रॉइड जातीचे असतात. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या गोचिडांच्या काही थेंबांत त्यातलंच परमेथ्रिन मोठ्या प्रमाणात असतं. कुत्र्याचं औषध 'थोडंसंच' म्हणून मांजराला लावलं की काही तासांत कान फडफडतात, अंग थरथरतं, झटके येतात. घरात दोन्ही असतील तर कुत्र्याला थेंब लावल्यावर मांजर त्याला बिलगून झोपणार नाही याची काळजी घ्या. दर महिन्याच्या त्याच तारखेला मांजर थरथरत असेल, तर वहीत आधी हे बघा.

स्वयंपाकघर आणि सणवार

रोजच्या रश्शाचा भात कुत्र्याला घालणाऱ्या घरांत कांदा-लसूण हे नेहमीचं कारण. शिजवल्याने, तळल्याने काही फरक पडत नाही. मांजराला वजनाच्या किलोमागे ५ ग्रॅम कांदा पुरतो, कुत्र्याला १५ ते ३० ग्रॅम. एकाच वेळी जास्त गेला काय किंवा रोज थोडा थोडा, दोन्हींत तांबड्या पेशी फुटतात. अशक्तपणा काही दिवसांनी दिसतो आणि लघवी लालसर-तपकिरी होते. कांदा-लसूण मसाल्याचं वरणही यात आलं. भात वेगळा काढून ठेवा, एवढंच करायचं आहे.

सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा कुत्र्याच्या ताटलीत जातो, कारण प्रसाद कोणाला नाही म्हणायचं नाही. त्यातले बेदाणे काढून घ्या. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, आणि अमुक इतके चालतील असं प्रमाण ठरवता येत नाही. यामागे टार्टारिक आम्ल असावं, असा अंदाज अलीकडे पुढे आला आहे. त्याच संशोधनात चिंच खाऊन मूत्रपिंडं बिघडलेल्या कुत्र्यांची नोंद आहे. आपल्याकडे आमटी चिंच-गुळाचीच असते, तेव्हा आमटीभात बंद करा आणि पाटावर वाळत घातलेली चिंच कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका.

डार्क चॉकलेट आणि कोको पावडर मिल्क चॉकलेटपेक्षा कितीतरी जहाल. शुगरफ्री च्युइंगममधल्या झायलिटॉलने कुत्र्याची साखर अर्ध्या तासातही कोसळते. लेबलावर नाव नसेल तर ९६७ हा आकडा शोधा. ओल्या कचऱ्यातल्या बुरशी आलेल्या पावाने आणि अक्रोडांनी झटके येतात, आणि पावसाळ्यात तो डबा झाकणाचाच हवा.

डांबर गोळ्यांचं मात्र लोकांना वाटतं त्यापेक्षा गंभीर आहे. दिवाळीच्या साफसफाईत कपाटं, बेसिन, ट्रंका यांत नव्या गोळ्या पडतात. कुत्र्याचं पिल्लू ती चेंडूसारखी पळवतं. त्यातलं नॅफ्थलीन पोटात हळूहळू विरघळतं, त्यामुळे उलटी आज, आणि तांबड्या पेशी फुटल्याची लक्षणं दोन-तीन दिवसांनी. यावर दूध पाजू नका, स्निग्ध पदार्थांबरोबर ते जास्त शोषलं जातं.

फुलं आणि कुंड्या

मांजर असलेल्या घरात लिलीचा गुच्छ नको, मग तो वाढदिवसाचा असो वा साखरपुड्याचा. अंगावर पडलेले पराग चाटले किंवा फुलदाणीतलं पाणी प्यायलं तरी मूत्रपिंडं बंद पडतात. निशिगंध आणि लिली वेगवेगळी फुलं आहेत, घाबरून निशिगंध टाकून देऊ नका. कण्हेर, बिट्टी आणि बाल्कनीतल्या कुंडीतलं अॅडेनियम हृदयावर परिणाम करतात, पानफुटीचंही तसंच. सोसायटीच्या बागेतल्या सायकसच्या बिया कुत्र्याच्या यकृताला घातक असतात. मनीप्लांट आणि डिफेनबाकिया चावल्याने तोंड जळजळतं, लाळ गळते, पण सहसा जीव जात नाही. नुसती लाळ आणि तोंडावर पंजा मारणं एवढंच असेल तर कुंडीतली पानं तपासा, दातांच्या खुणा दिसतील.

घरी काय करू नये

मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. त्याने रक्तातलं सोडियम इतकं चढतं की त्यानेच झटके येऊन प्राणी दगावू शकतो. दूध, तूप, तेल, कच्चं अंडं, लिंबू यातलं काही नको. टॉयलेट क्लीनर, ड्रेन साफ करायची पूड, रॉकेल किंवा टर्पेंटाइन पोटात गेलं असेल तर उलटी झाल्याने घसा दुसऱ्यांदा भाजतो आणि फुप्फुसांनाही इजा होऊ शकते. तोंड पाण्याने हलक्या हाताने पुसून घ्या. अंगाला काही लागलं असेल तर भांड्यांच्या सौम्य लिक्विडने आणि कोमट पाण्याने धुवा, आणि धुईपर्यंत त्याला चाटू देऊ नका.

डबा, रिकामी स्ट्रिप, चघळलेलं पान, उलटीचा नमुना पिशवीत घ्या. घटकांच्या यादीचा फोटो काढा. निघण्याआधी दवाखान्यात फोन करून प्राण्याचं वजन, काय गेलं आणि किती वाजता, एवढं सांगा. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय मुंबईकरांना पिढ्यान्पिढ्या माहीत आहे, आणि महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं प्राण्यांचं रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झालं. पण मुलुंड किंवा बोरिवलीहून निघणाऱ्याने तिथे पोहोचेपर्यंतचा वेळ धरून जवळचा, रात्री उघडा असणारा दवाखाना आजच शोधून ठेवावा. नंबर फ्रिजवर चिकटवा.

कारण सापडलं हे कधी समजायचं

संशयातल्या सगळ्या वस्तू एकदम बंद करा. एकेक बंद करत बसू नका, त्यात जनावराचा जीव जातो. आधी त्रास ज्या अंतराने यायचा, त्याच्या किमान दुप्पट काळ एकही उलटी झाली नाही, तर त्रास बंद केलेल्यांपैकीच कशाने तरी होत होता हे जवळपास कळलेलं असतं. नेमकी कोणती हे बघायला त्यातली एकही वस्तू परत आणू नका.

आणि सगळं बंद करूनही त्रास आलाच, तर घरातलं विष हा एकच रस्ता धरून बसू नका. कुत्र्याला गोचिडताप, जंत किंवा स्वादुपिंडाची सूज असेल, वय झालेल्या मांजराची मूत्रपिंडं थकली असतील. वही आणि लेबलांचे फोटो डॉक्टरांसमोर ठेवा, आणि रक्ताची पूर्ण तपासणी, यकृत व मूत्रपिंडांच्या चाचण्या आणि गोचिडतापाची चाचणी करायची का, हे त्याच भेटीत विचारा.